देवमाशाची टोपी आणि म्हातारीचा खडक

तीर्थरूप हेल्मीताईस,

धाकट्या अर्विडचा रागातला नमस्कार.

तुझे गुडघे बरे असतील, भावोजींचा खोकला उतरला असेल आणि नेब्रास्कात मक्याची पेरणी सुरू झाली असेल, अशी आशा करतो. माझी तब्येत ठणठणीत आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुला वेगळंच वाटेल. (या खेपेला अक्षर लागतंय, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. त्याचं कारण शेवटी.)

आता भांडण. ताई, तू ती टोपी का विणलीस? करडी लोकर, कान झाकणारे दोन पर, मागे लोंबणारी शेपूट आणि डोक्यावर फवारा म्हणून पांढरा गोंडा. माणसाने आपल्या भावाला हातमोजे पाठवावेत. ती आली तेव्हा मीच खदाखदा हसलो आणि कड्यावर देवमासे बघायला बसणाऱ्या आमच्या मंडळींना नियम घालून दिला, की मासा नसताना जो कोणी ‘फवारा’ म्हणून ओरडेल त्याने पुढचा माणूस चुकेपर्यंत ही टोपी घालून बसायचं. वर पोटनियमही माझाच. ओरडणाऱ्याच्या मागोमाग कोणी ‘हो, मलाही दिसला’ म्हणालं, तर टोपी त्या दुसऱ्याला. कारण ओरडणारा एक वेळ चुकेल, पण री ओढणारा ठार खोटारडा. आमच्या पाद्रीबाबांनी गेल्या वर्षी ईस्टरचा सगळा आठवडा ती टोपी घालून काढला, तेव्हा हसून हसून माझ्या पोटात दुखलं होतं. आता मार्चच्या वाऱ्यापासून ती माझ्या डोक्यावर आहे आणि मला कशातच काही विनोदी वाटत नाही. लोकर कुठल्या मेंढीची घेतली होतीस? मरताना शाप देऊन गेली असणार.

झालं असं, की एक बसभर पाहुणे आले होते. नर देवमासे उत्तरेकडे निघण्याचे दिवस, हवा स्वच्छ, मी कड्याच्या भिंतीवर माझ्या ठरलेल्या जागी. एवढ्यात दक्षिणेला पांढरी चिळकांडी उडाली. मी खेकड्यांच्या बोटीवर खलाशांना हाक मारायचो त्या आवाजात ओरडलो. सगळी बस कॅमेरे घेऊन धावली. एका बाईच्या हातातलं सँडविच सीगलने पळवलं, तरी तिची नजर समुद्रावरून हलली नाही. पुन्हा चिळकांडी. पुन्हा त्याच जागी. मी म्हटलं, बघा, कसा निवांत खातोय. तेव्हा गॉर्डन आपल्या तीन पायांच्या दुर्बिणीतून डोकं न काढता हळूच म्हणाला, “कप्तान, तो म्हातारीचा खडक आहे. लाट फुटतेय.”

म्हातारीचा खडक, ताई. बाबांनी कान पिळून मला जो दाखवला, ज्याला वळसा घालून मी जन्मभर बोट काढली, धुक्यात निव्वळ आवाजावरून ओळखला, त्या दगडाची ओळख मला कोणी करून द्यावी? तर शहरातून परवा परवा राहायला आलेल्या, निवृत्त दंतवैद्याने. हा गॉर्डन कधी आवाज चढवत नाही. जन्मभर तोंड उघडं ठेवलेल्या लोकांशी बोलत आला, त्यामुळे समोरचा उलट उत्तर देऊ शकतो हे त्याला ठाऊकच नाही.

वर आमची रूथ. मंडळींची प्रमुख ती, म्हणून तिने मायेनं यावं? आली. म्हणाली, “अर्विड, वारा फार झोंबतोय. तू आत पाहुण्यांच्या खोलीत बसत जा ना. मुलांना स्टिकर वाटायला कोणीतरी हवंच आहे.” स्टिकर! माझी लोरेटा देवाघरी गेल्यापासून सकाळची कॉफी मी त्या भिंतीवर पितो. घरी मला बोलायला एक घड्याळ आहे, आणि तेही मागे पडतं. ती भिंत गेली तर मी सकाळी उठायचं कशासाठी, हे रूथने मला सांगावं.

मग मी दबा धरून बसलो. कोणीतरी चुकेल, टोपी उतरेल. पण चुकायला कोणी तयार नाही; जो तो आधी गॉर्डनला विचारतो. आणि गेल्या मंगळवारी खुद्द गॉर्डन उठून ओरडला, “फवारा! उत्तरेला!” (आवाज गुळण्या केल्यासारखा.) मी गप्प बसायचं होतं. पण रूथने माझ्याकडे पाहिलं. माझ्या मनात आलं, याला दिसतोय आणि मला दिसत नाही म्हणजे संपलं, उद्यापासून स्टिकर. मी म्हणालो, “मी तर केव्हाचा बघतोय. दोन आहेत. आई आणि पिल्लू.”

समुद्र ताटासारखा सपाट होता म्हणे. साधा पेलिकनसुद्धा नव्हता. पोटनियमाप्रमाणे टोपी पुन्हा माझीच. कोणी हसलं नाही, आणि माझा खरा संताप त्याचाच आहे. हसले असते तर मी दोन शिव्या देऊन मोकळा झालो असतो.

नंतर गॉर्डनने मला गाडीपाशी गाठलं. म्हणाला, “तिकडे काहीच नव्हतं, कप्तान. तुमची टोपी उतरावी म्हणून मी मुद्दाम ओरडलो. तुम्ही कशाला मध्ये पडलात?” आणि मग आणखी हळू, “किती दिवस झाले नीट दिसत नाही?” मी त्याला म्हटलं, तू लोकांच्या तोंडात बघ, माझ्या डोळ्यांत बघू नकोस. तेव्हापासून हा गृहस्थ रोज शिंपल्यांचं सूप घेऊन येतो, मला वाऱ्याच्या आडोशाला बसवतो, घरी सोडतो. असला लोचट माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही.

बाकी सगळं ठीक. भावोजींना मध चाटायला सांग.

तुझाच,
अर्विड

ता. क. मे महिन्यात देवमाशांच्या आया पिल्लांना घेऊन निघतात, अगदी किनाऱ्याला लगटून. शेपटीला खाच असलेली ती, जिला लोरेटा ‘कातरी’ म्हणायची, तीही त्यांच्यात असेल. तू ये. भिंतीवर माझ्या शेजारी बस. मासा डावीकडे असला तर कोपराने एकदा ढोस, उजवीकडे असला तर दोनदा. लहानपणी चर्चमध्ये मला डुलकी लागली की ढोसायचीस तसं. कोणाला कळणार नाही. ओरडायचं काम मी करीन.

आणखी ता. क. अक्षराचं राहिलंच. मला आता कागदावरची रेघ दिसत नाही, म्हणून हे सगळं मी भिंतीवर बसून सांगतोय आणि गॉर्डन लिहून घेतोय. गुळण्यांपाशी जरा अडखळला, पण लिहिलं.

लिहिणाऱ्याचा ता. क. हेल्मीबाई, नमस्कार. कप्तानांनी सांगितलं तसंच्या तसं लिहिलं आहे. दंतवैद्यांविषयीचे तीन शब्द तेवढे गाळले. सूप प्यायला नेतो अशी थाप मारून मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. मोतीबिंदू आहे, काढता येतो. पण ताई आल्याशिवाय डोळ्याला कोणाचा हात लावू देणार नाही म्हणतात, आणि ते तुम्हाला कळवायला तयार नाहीत. तेव्हा मेच्या आधीच या. हे लिहीत असतानाच त्यांनी म्हातारीच्या खडकाकडे बोट करून ‘फवारा’ म्हणून आरोळी ठोकली. रूथने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, हो, मलाही दिसला. टोपी खरंच फार टोचते.