लाल खडूतला म्हातारा

प्रिय बाबा,

काल मुंबईहून आल्यापासून माझं कशात लक्ष नाही. भात करपला, शाळेत चित्रकलेच्या तासाला मुलांवर उगाच ओरडले. एका चित्रावरून भांडून आलेय मी! दादाला सांगितलं तर तो हसेल. म्हणून तुम्हाला लिहितेय.

मांडव्याहून बोटीने गेले होते, संग्रहालयात परदेशातली जुनी रेखाचित्रं आलीत ती बघायला. त्यात एक म्हातारा होता. बरोक काळातला, म्हणजे तीन-चारशे वर्षांपूर्वीचा, लाल खडूने काढलेला. विरळ दाढी, डोळ्यांखाली पिशव्या, नजर खाली. माहिती सांगणाऱ्या बाई म्हणाल्या, "बघा, किती शांत चेहरा! आयुष्याचा शेवट यानं स्वीकारलाय." सगळ्यांनी माना डोलावल्या.

माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही हो! हा उठायला निघालाय."

"कशावरून?"

मी दाखवलं. एक खांदा वर चढलाय. मानेच्या शिरा ताठ आहेत. आणि हात? मांडीवर नुसता ठेवलेला नाही, दाबलेला आहे. बोटांपाशी खडू किती जोरात उमटलाय! बाई म्हणाल्या, "हा तुमचा अंदाज." अंदाज? बाबा, मी हे समोर बसून पाहिलंय!

आठवतं? डॉक्टरांनी होडीवर जायला बंदी केली, तेव्हा तुम्हाला ओट्यावर खुर्चीत बसवून मी चित्र काढत होते. तुमचीही नजर अशीच खाली. "हलू नका," म्हणून किती दटावलं! "अजून किती बसवशील गो? भरतीचं पानी चढलं," तुम्ही म्हणालात, आणि मी पेन्सिलीला टोक काढेपर्यंत खुर्ची रिकामी! थेट बंदरावर. होडीचे दोर ओढून, भिजून, शिट्टी वाजवत परत आलात. सांगून तरी जायचं होतं! पुढच्याच आठवड्यात झोपेत गेलात, तेव्हाही कुणाला काही बोलला नाहीत.

परतीच्या बोटीत तो म्हातारा डोळ्यांपुढून हलेना. घरी आले तर आई भिंतीला टेकून बसलेली. तुम्ही गेल्यापासून दादा तिला रोज बजावतो, "आता मासळी विकायला बसायचं नाही. आराम कर." शेजारपाजारचे म्हणतात, किती शांत झाली तुमची आई! काल पहिल्यांदा मी तिचा हात नीट पाहिला. तळवा जमिनीवर रोवलेला होता.

"आई, बाजारात जायचंय तुला?"

ती रडायलाच लागली. "माजे हातपाय चालतान गो अजून. कोन इचारतंय मना?"

दादा आतून ओरडला, "लोक काय म्हणतील? आईला पोसत नाही म्हणतील!"

"लोकांचं मी बघते," मी म्हटलं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. आई मात्र सकाळपासून मासळी कापायचा कोयता घासतेय, टोपली धुऊन उन्हात ठेवलीय.

चुकत तर नाही ना मी? एका चित्राच्या जोरावर सगळं घर ढवळून काढलंय. तिला झेपलं नाही तर? दुपारपासून ओट्यावर येरझाऱ्या घालतेय नुसती.

पण शब्द देते, बाबा. उद्या तिला स्कूटरवर मागे बसवून बाजारात सोडीन, तिच्या जुन्या जागेवर. दमली तर आणायलाही मीच जाईन. पण ती स्वतः म्हणेपर्यंत तिला "घरी चल" म्हणणार नाही.

तुमची,
कुंदा