तीन नंबर मशीन मंगल आहे

२ फेब्रु., रवि.
बीपी १४६/९२. ही डायरी पल्लवीने दिली, बीपी लिहायला. "बाबा, फक्त आकडे लिहा, निबंध नको." लेक सासरी गेली तरी हुकूम सोडत नाही. पण आकडा लिहून झाला की पान उरतं, आणि कोरं पान बघवत नाही मला.

संध्याकाळी फिरायला निघालो. मं. कुलूप लावून दोन जिने उतरली आणि परत वर गेली, गॅस बघायला. खाली आली. गेटपर्यंत पोचल्यावर, "अहो, बटण आडवं होतं ना?" परत वर. मी वॉचमनबरोबर उभा. तो आता हसत पण नाही. सिलिंडरचं एकदा, शेगडीचं एकदा, मग दोन्ही मिळून एकदा. नदीवर पोचेपर्यंत अंधार.

मं. म्हणजे बायको. पूर्ण नाव लिहीत नाही. लिहिलं की पॅकिंगचा पट्टा कानात सुरू होतो.

रिटायर व्हायला सव्वीस दिवस.

३ फेब्रु., सोम.
१४२/९०. एचआरची नवीन मॅडम लाइनवर आली. "परबकाका, अठ्ठावीसला तुमचा सेंड-ऑफ, कॅन्टीनमध्ये. काकूंना आणायचंच हं. जोडीने सत्कार करणार." म्हटलं बघू.

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "ए मंगल, हात चालव ना." मॅडम म्हणाली, मंगल कोण? म्हटलं, कोणी नाही.

आमच्याकडे मलमाच्या ट्यूब भरतात. मी पॅकिंगचा सुपरवायझर. पट्ट्यावर जो स्लो, जो एकच खोका दोनदा बघतो, जो भीत भीत काम करतो, तो मंगल. "मंगल झालास काय?" "मंगलगिरी नको." शिवीच आहे, पण आईबहिणीवरची नाही म्हणून कोणी तक्रार करत नाही. आनंदनगर एमआयडीसीत बाकीच्या कंपन्यांत काय म्हणतात माहीत नाही. आमच्यात हे.

मंगल माझ्या बायकोचं नाव. आणि ही शिवी मी लावली. कधीतरी लिहायचं होतंच, लिहून टाकलं.

५ फेब्रु., बुध.
आज मोजलं. सकाळपासून दहाच्या चहापर्यंत अकरा वेळा. इतकी वर्षं कान बंद होते का माझे?

रामसूरत, तीन नंबरचा ऑपरेटर, यूपीचा, सहा वर्षं आहे. आला नि म्हणाला, "काका, तीन नंबर आज मंगल चल रहा है, मेंटेनन्स को बोलो." त्याला विचारलं, मंगल म्हणजे काय रे? "स्लो. मराठी में स्लो को मंगल बोलते हैं ना?"

त्याचा काय दोष. तो मराठी माझ्या पट्ट्यावर शिकला. गावी जाऊनसुद्धा वापरत असेल. म्हणजे आता तिकडे कुठेतरी एखादा ट्रॅक्टर पण मंगल चालत असणार. हसू आलं, आणि मग चहा गेला नाही.

९ फेब्रु., रवि.
१५०/९४. (वडापाव. पल्लवीला सांगायचं नाही.)

मं.ला घेऊन उल्हासनगरला कपडा बाजारात गेलो. तिला सेंड-ऑफसाठी साडी पाहिजे. मी अजून हो म्हटलेलंच नाही, पण मॅडमने परस्पर घरी फोन करून आमंत्रण दिलंय. मं. चार दिवस हवेत आहे.

नेहमीचं दुकान, सिंधी सेठचं. मं.ला बघितल्याबरोबर गादीवरून उठला. "आओ मंगलभाभी." साडी पूर्ण उलगडते ती, पदरापासून आतल्या टोकापर्यंत, बोट फिरवत. अर्धा तास एकाच साडीला. मी घड्याळ बघत होतो. तिने एका मोरपंखीत आतल्या बाजूला तुटलेला धागा काढला. सेठ चिडला नाही. पोऱ्याला नाही, स्वतःच्या मुलाला हाक मारून दाखवला, म्हणाला, "देख. भाभी जो माल पास करे, उसको आँख बंद करके बेच." मं. लाजली. आम्ही लग्न केलं तेव्हा लाजायची तशी.

तीच बाई, तेच हळू हळू बघणं. इथे सेठ उठून उभा राहतो.

जांभळी घेतली शेवटी. रिक्षात मी म्हटलं, "अगं, भाषणंच असतात. बोअर होशील. मी हार घेऊन लगेच येतो घरी." मग विमको नाक्याच्या आसपास कधीतरी म्हणाली, "तीस वर्षं तुमचा डबा भरते. तो उघडता कुठे, ते तरी बघू दे की."



१२ फेब्रु., बुध.
गायकरला सांगितलं, मं. सेंड-ऑफला येतेय. लाइनवर माझ्यानंतरचा सर्वांत जुना तोच. बारवी धरणाच्या बाजूचा, घरचा तांदूळ दर वर्षी आणून देतो, मं.च्या हातचं शंभरदा जेवलाय. तिला वहिनी म्हणतो. तो म्हणतो, "काका, पयला मंगल मीच ना."

हो, तोच. नवीन होता. प्रत्येक खोका दोनदा मोजायचा. मी पण नवीन सुपरवायझर, तोऱ्यात. सगळ्यांसमोर म्हटलं, "आमच्या मंगलचा भाऊ शोभतोस रे तू. ती पण गॅसचं बटण तीन तीनदा बघते." पट्टाभर हसले. मला बरं वाटलं, नव्या साहेबाला माणसं हसली म्हणून. दुसऱ्या दिवसापासून गायकर मंगल. मग तो हुशार झाला, तर दुसरा कोणीतरी मंगल. मग मशीन.

गायकर म्हणाला, सगळ्यांना सांगून टाका, वहिनीचं नाव आहे, गप बसतील. म्हटलं, तेव्हाचं तुझ्याशिवाय कोणी उरलं नाही, आत्ता कोणाला माहीत नाही ते बरंय. सांगितलं की माहीत होईल, आणि मग ती समोर बसलेली असताना प्रत्येक जण तेच आठवेल.

"मग?"
चहा प्यायलो.

१६ फेब्रु., रवि.
१४८/९०. आज फक्त हेच लिहायचं.

पल्लवी दहा महिन्यांची होती. अंबरनाथला चाळीत राहायचो. मी नाइट करून सकाळी घरी. मं. नळावर पाण्याला गेली, जाताना म्हणाली, "दूध ठेवलंय, बघा हं." मी हो म्हटलं नि आडवा झालो. दूध उतू गेलं, जाळ विझला, गॅस चालूच. पल्लवी झोळीत.

मं. हंडा घेऊन आली, दार ढकललं, हंडा उंबऱ्यातच सोडला. पोरीला आधी बाहेर नेलं, खिडक्या उघडल्या, मग मला हलवून उठवलं. शेजारणी जमल्या. काय झालं गं? ती म्हणाली, "माझंच लक्ष नव्हतं."

माझ्या आईलाही तेच सांगितलं. आई वर्षभर तिला बोलत होती. "पोर मारली असतीस." मी तिथेच बसून जेवत असायचो. एकदाही म्हटलं नाही की आई, मी झोपलो होतो.

तेव्हापासून ती तीनदा बघते. आणि त्यानंतर दोन वर्षांत मी तेच पट्ट्यावर माणसं हसवायला वापरलं.

पल्लवीला पण माहीत नाही. "आईचं हे काय वेड," म्हणते. मी हो ला हो करतो.

२० फेब्रु., गुरु.
सकाळच्या मीटिंगमध्ये सांगितलं, आजपासून मंगल हा शब्द लाइनवर नको. का? म्हटलं, कस्टमरचं ऑडिट आहे. खोटं.

लंचपर्यंत सगळे कुजबुजत तेच म्हणत होते, दुप्पट. रामसूरत बिचारा प्रामाणिक. आला, उभा राहिला, म्हणाला, "काका, तीन नंबर आज... वो है." काय वो? "वोही. जो बोलने का नहीं."

२६ फेब्रु., बुध. महाशिवरात्र
उपास. १३८/८८, खिचडी खाऊन सुद्धा. अंबरनाथला देवळात गेलो, रांग रस्त्यापर्यंत. मं.ला रांगेचं काही वाटत नाही. पुढच्या बाईच्या पोराला खेळवत तीन तास उभी. मी कुरकुर करत होतो, माझे गुडघे.

रांगेत म्हटलं, "तुला एक सांगायचंय." म्हणाली, "सांगा की." मी म्हटलं, कंपनीतलं आहे. "मग शुक्रवारी येतेच आहे मी, तिथेच बघेन." आणि चप्पल कुठे काढली ते लक्षात ठेवा म्हणाली.

आत गाभाऱ्यात खाली उतरताना माझा हात धरला तिने. मी पडेन म्हणून.

२८ फेब्रु., शुक्र.
बीपी घेतलं नाही.

जांभळी साडी, गजरा. कॅन्टीनमध्ये सगळ्यांना नमस्कार करत आली. माझं टेबल बघितलं, डबा उघडतो ती जागा बघितली, टेबलावरून हात फिरवला. "पुसत नाहीत वाटतं नीट," म्हणाली. पुढच्या रांगेत बसवलं. मी म्हटलं होईल निभावून. गायकर पहाटेपासून एकेकाला दम देत होता.

पाहुणे वाढले, खुर्च्या कमी पडल्या. दुसऱ्या शिफ्टची माणसं नुकतीच येत होती, त्यांना कोणी दम दिला नव्हता. त्यातलाच एक मागून ओरडला, "ए मंगल, खुर्च्या आण लवकर. बघत काय बसलीस?"

तो त्याच्या पार्टनरला म्हणत होता. मं.ने मागे वळून बघितलं. उठली. "आणते हां," म्हणाली.

भिंतीपाशी गेली. ढिगातून दोन खुर्च्या काढल्या. एकेकीचा पाय जमिनीवर दाबून बघितला, हलते का. एक हलत होती, ती बाजूला ठेवली, दुसरी काढली. कॅन्टीनमध्ये पंख्याचा आवाज तेवढा. मी स्टेजवर, गळ्यात हार. गायकर धावला, खुर्च्या तिच्या हातातून घेतल्या. रडत होता की काय, माहीत नाही, मान खाली होती. तिला वाटलं गडबड आहे म्हणून मदत मागितली. ओरडणाऱ्यालाच उलट म्हणाली, "ती हलतेय हो, तिच्यावर कोणाला बसवू नका."

मग मला बोलायला सांगितलं. मॅडमने कागद टाइप करून दिला होता. तो खिशातच राहिला. माईक धरून म्हटलं, "ही माझी बायको. हिचं नाव मंगल." कोणी टाळी वाजवली नाही. रामसूरत माझ्याकडे बघत होता, तोंड उघडं. मग हळूच त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

खाली येऊन बसलो. मं.ने माझ्या शालीची घडी सारखी केली.

रिक्षात विचारलंच तिने. "माझं नाव सांगितलंत तेव्हा सगळे खाली का बघायला लागले?"
म्हटलं, उद्या सांगतो.
"आणि तुमच्यात माझ्या नावाची कोण आहे?"
म्हटलं, ते पण उद्या.

१ मार्च, शनि.
१५२/९६. सांगितलं नाही. दिवसभर ती पण विचारत नव्हती. तेच जास्त लागतं. दुपारी मीच दूध तापवायला ठेवलं, समोर उभा राहिलो, वर येऊन गॅस बंद करेपर्यंत हललो नाही. ती दारातून बघून गेली.

२ मार्च, रवि.
संध्याकाळी फिरायला निघायच्या वेळी रामसूरतचा फोन. दोन मिनिटं नुसतं "काका, काका". मग म्हणाला, "माफ करना, काकी का नाम है, हमको नहीं पता था." म्हटलं, तुझी चूक नाही, माझी आहे. मग म्हणाला, "काका, अब स्लो को क्या बोलें? कल तीन नंबर फिर वैसा ही चल रहा था."

मी म्हटलं, "परब बोल."
"जी?"
"मशीन परब चल रहा है. ऐसा बोल. सबको बोल, काकाने बोला है."

फोन ठेवला. मंगल मागेच उभी होती, हातात कुलूप.

"मशीनला तुमचं नाव कशाला?"
म्हटलं, "बस जरा. सांगतो. सगळं सांगतो, दुधापासून."

दूध म्हटल्यावर तिचा चेहरा बदलला. बघत राहिली माझ्याकडे. मी खुर्ची ओढली तिच्यासाठी, पाय हलतो का बघितलं. ती बसली नाही.

"थांबा," म्हणाली. "गॅस बघून येते."

आत गेलीय. बटणाचा आवाज एकदा आला, दुसऱ्यांदा आला. तोवर हे लिहितोय. मी थांबलोय.