चंद्र फुटतो त्या सिनेमाबद्दल माझा अहवाल

ती. यशोदाआक्कास,

धाकट्या नवनाथचा सप्रेम जय भीम. नाशकात आम्ही मामा-भाची मजेत आहोत. तुझ्या गुडघ्याचं कसं काय चाललंय ते कळव. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, आणि पुढचं वाक्य तर पुरं व्हायलाच हवं: तुझ्या स्नेहाने तो सिनेमा पाहिला.

तू बजावलं होतंस, आधी मी एकट्याने पाहायचा आणि तेरा वर्षांच्या पोरीला झेपेल का ते ठरवायचं. (दाजी ट्रक घेऊन महिना-महिना बाहेर, आणि सिनेमात बाप मुलीपासून तुटतो, म्हणून तुझा जीव खालीवर. मला ते पटलंही होतं.) शनिवारी दुपारी निघालो तर ही हेल्मेट घालून गाडीपाशी उभी. म्हणे, "मामा, तुम्ही घाबरलात की नाही, यावरून मी घाबरेन की नाही हे कसं कळणार?" यावर सडेतोड उत्तर मला द्वारका चौकातल्या सिग्नलला सुचलं, पण तोवर ती मागे बसून अर्धं नाशिक ओलांडून आली होती.

सिनेमा मात्र झकास, आक्का! चंद्राचा तुकडा उडतो, समुद्र खवळून डोंगरापर्यंत येतो, आणि त्या गर्दीतही माणसं आपापल्या लेनमधून गाड्या चालवतात (आपल्याकडे जगबुडी नसतानाही हे जमत नाही). माणसं मरतात, पण उगाच रक्त दाखवत नाहीत, की मेलेल्यांची टिंगल करत नाहीत. शिवी एकच, तीही इंग्रजीतून. एक खोट सांगतो. जग बुडेपर्यंत कुणीही कांद्याचा भाव विचारला नाही, त्यावरून लिहिणारा आपल्या देवळ्याकडचा नसावा.

आता तुझ्या काळजीचा भाग. धरणावरचा एक इंजिनियर जागचा हलत नाही आणि घाटातून मुलांची बस नेणाऱ्या आपल्या मुलीला वायरलेसवर वळणं सांगत राहतो. पाणी त्याच्या छातीशी येतं. मी स्नेहाचे डोळे झाकायला हात पुढे केला, तो तिने धरला आणि सोडलाच नाही. शेजारच्या बाईंना वाटलं, पोरगी घाबरली. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही, कारण नाक पुसायला मला दुसरा हात हवा होता.

बाहेर आलो तरी हिने माझा हात धरलेलाच. मनात म्हटलं, आता आक्काला काय तोंड दाखवू? पार्किंगमध्ये तिने माझाच फोन मागून दाजींना लावला. दाजी हुबळीजवळ एका ढाब्यावर जेवत होते. हिने सरळ विचारलं, "पप्पा, घाटात तुम्हाला भीती वाटते का?" दाजी म्हणाले, "वाटते की गं. म्हणून तर हळू चालवतो." त्यावर ही हसली, "मग बरंय," म्हणाली, आणि मला भेळ खायला घेऊन गेली. आक्का, दाजींनी असं तुला कधी सांगितलं होतं? मला तर नाहीच. मी तिला लहान समजत होतो, आणि ती इतके दिवस हा प्रश्न मनात घेऊन वावरत होती.

तेव्हा माझा निकाल असा: सिनेमा या वयाच्या मुलांना जरूर दाखवावा, फक्त नंतर त्यांनी विचारलं तर खरं बोलणारं माणूस हाताशी हवं.

तुझा,
नवनाथ

ता.क. स्नेहा त्या दिवशी नेहमीसारखी जेवली आणि दिवा मालवून ढाराढूर झोपली. तिची काळजी नसावी.

ता.क. २. सोमवारी तिला देवळ्याला परत बोलावू नकोस. आमची ही निफाडला माहेरी गेलीय, ती गुरुवारी येईल. घरात मी एकटाच उरेन, आणि सिनेमा पाहिल्यापासून मला चंद्र किंचित वाकडा दिसतोय.