मोकळ्या मनाने गाडी

१ फेब्रुवारी, रविवार
पावसला लेकीच्या सासरी वेदिकाचं ओटीभरण झालं. पंगत उत्तम. सगळ्यांदेखत व्याह्यांना सांगून टाकलं, पहिलं बाळंतपण माहेरी, आणि लेकीला रत्नागिरीला नेईन ते माझ्या स्वतःच्या नव्या गाडीतून. पाडव्याला गाडी दारात! व्याही रावजी नुसते हसले. आंब्याचे बागायतदार, त्यांच्या हसण्याचा भाव कळत नाही. येताना एस.टी.त सौ. म्हणाली, कशाला बोललात? बायकांना धडाडी समजत नाही.

३ फेब्रुवारी
संकल्प : ब्रँडच्या बाबतीत मन मोकळं ठेवायचं. लोक एकाच कंपनीला बाप मानून बसतात. आपण नाही. तीस वर्षं बँकेत ऑडिट केलं, सगळ्यांवर सारखाच संशय घेतला. यालाच निःपक्षपातीपणा म्हणतात.

७ फेब्रुवारी
कोरियन कंपनीचं शोरूम. सानवी नावाची मुलगी. बसायला कोच, वेलचीचा चहा, वर बिस्किटं. एवढी सरबराई कशाला? गाडीत काहीतरी असणार. परीक्षा म्हणून विचारलं, जपानी गाडी कशी? म्हणाली, तीपण छान आहे काका. जिचा पगार खाते, तिच्या वैऱ्याची स्तुती! कुठेतरी पाणी मुरतंय. कोरियन बाद. कायमची नाही, मन मोकळं आहे.

१२ फेब्रुवारी
जपानी. इथे रितेश म्हणून आहे. त्याने चहा विचारलाच नाही. म्हणजे आत्ताच ही मिजास, उद्या सर्व्हिसिंगला कोण ओळख देणार? दार लावून बघितलं. आवाज फारच छान आला. आवाजावर एवढा खर्च केला तर इंजिनावर किती उरला असेल?

१७ फेब्रुवारी
देशी. आत पाऊल टाकताच देशाभिमान दाटून आला. ताबडतोब बाहेर पडलो. भावनेच्या भरात खरेदी करणाऱ्यातला मी नव्हे.

२२ फेब्रुवारी, रविवार
माणसांवर भरवसा नाही, म्हणून गावी जाऊन देवाला कौल लावला. तिन्ही कंपन्यांची नावं गुरवाकडून घोकून घ्यावी लागली. त्याने देवाच्या दोन्ही अंगांना फुलं लावली, गाऱ्हाणं घातलं. जपानी म्हणताक्षणी उजवं फूल टपकन पडलं. उजवं म्हणजे होकार. सौ.ने हात जोडले. मीही जोडणार होतो, तेवढ्यात गुरव म्हणाला, तो शोरूममधला रितेश माझा भाचा, माझं नाव सांगा.
संपलं. देवावर माझा संशय नाही. देव आणि शोरूम यांच्या मधल्या माणसावर आहे. पुन्हा एकदा कौल लाव म्हटलं, तर म्हणतो कसा, आप्पा, देवाची उलटतपासणी करू नये.

१ मार्च
शेजारचे अयूबभाई आले. मिरकरवाड्याच्या बंदरावर बर्फाचा धंदा, जुनी पण टापटीप गाडी. म्हणाले, वेदिका आमच्या पोरीसारखी, महरीनसारखीच, कधी आणायची ते सांगा, मी गाडी घेऊन येतो. पैशाबिशाचं नाव काढू नका.
फुकट का? विचार केला तेव्हा कळलं. एकदा आपल्याला त्या गाडीत बसवणार, सवय लावणार आणि मग गळ्यात मारणार. गोड बोलून नकार दिला.

९ मार्च
सौ.ने मागची खोली रंगवून घेतली. खिडकीला जाळी बसवली. रोज विचारते, कधी आणायची पोरीला? तिला सांगितलं, दहा दिवस. निर्णय जवळजवळ झालेला आहे. फक्त कुठली ते ठरायचंय.

१९ मार्च, पाडवा
गुढी उभारली. गाडी नाही. आज सकाळी तिन्हीकडे फोन केले, तिघेही म्हणाले आधी बुकिंग लागतं. तिघांचं उत्तर एकच! म्हणजे आतून संगनमत आहे. यांच्या दबावाखाली मी घाई करणार नाही. पाडवा काय, अक्षय्य तृतीया आहेच.

२३ मार्च
सौ.ने मला न विचारता अयूबभाईंना बोलावलं. बिचारे आठ वाजता गाडी धुऊन दारात हजर. मागच्या सीटवर उशीसुद्धा ठेवली होती. मी म्हटलं, पावसला लोक काय म्हणतील? आप्पा शेजाऱ्याची गाडी मागून आले? परत पाठवलं.
संध्याकाळी वेदिकाचा फोन आला. मी तिला मायलेज, एअरबॅग, सगळं सविस्तर समजावत होतो. मधेच म्हणाली, "बाबा, मला गाडी बघायची नाहीये हो. मला घरी यायचंय."
नवव्या महिन्यात पोरी हळव्या होतात. म्हटलं, आठ दिवस थांब. या वेळी नक्की. बहुतेक देशीच.

२७ मार्च
वेदिका काल रात्री मोकळी झाली. पावसच्याच दवाखान्यात. मुलगी. तारखेच्या बरंच आधी. दोघी सुखरूप आहेत, देवाची कृपा.
पहाटेच्या एस.टी.ने गेलो. सौ.कडे दोन बोचकी, डिंकाचे लाडू, दुपटी, कुंच्या. दवाखान्याच्या दारात बोचकी ठेवून ती थेट आत गेली. रावजी पुढे आले, पेढा दिला, आणि हात पुढे करून म्हणाले, "आप्पा, गाडी उन्हात असेल. किल्ली द्या, झाडाखाली लावून येतो."
चेष्टा नव्हती. माणसाला खरंच वाटलं होतं की मी गाडी घेतली असणार. सबंध गावाला त्यांनी तसं सांगितलंही होतं, म्हणे. मी खिशात हात घातला. आत एस.टी.ची दोन तिकिटं होती. सौ. बोचकी न्यायला बाहेर आली होती, तिनेच सांगितलं, भावजी, आम्ही एस.टी.ने आलो.
रावजींनी हात मागे घेतला. म्हणाले, बसा, आधी नात बघा. वेदिकाने बाळ माझ्या मांडीवर दिलं. एवढंसं तोंड, मिटलेल्या मुठी. गाडीचं तिने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगायला माझ्याकडे खूप होतं.
सौ. सव्वा महिना तिथेच राहणार आहे. मी दुपारच्या एस.टी.ने एकटा परत आलो. फार वाईट वाटलं.