डाव्या हाताची भाषा

दि. ९ नोव्हेंबर, रविवार
दुपार, दुकान बंद

प्रिय वन्सं,

नमस्कार. तुमच्या गुडघ्यांची चौकशी आधीच करून घेते, नाहीतर पुढच्या गडबडीत ती राहून जाईल. मोबाइल असताना वहिनीला पत्राची हुक्की कुठून आली, असं तुम्हाला वाटेल. मोबाइलवर मी खोटं फार पटकन लिहिते, हे हल्ली माझ्या लक्षात आलंय. कागदावर हात जरा तरी अडखळतो.

आधी बातम्या. अर्धांगाच्या झटक्यानंतर ह्यांचा उजवा पाय फरफटत होता, तो आता नीट उचलला जातो. उजवा हात मात्र मांडीवर नुसता पडून असतो, दुसऱ्या कोणीतरी सांभाळायला दिल्यासारखा. दुकान मी उघडते. तसबिरींच्या फ्रेमच्या पट्ट्या तिरक्या कापायला जमतात, कोपरेही जुळतात. काच मात्र अजून माझं ऐकत नाही. रेघ एकीकडे आणि तडा भलतीकडे. हे आत खुर्चीवर बसून बघतात आणि डोळे मिटून घेतात. शब्द म्हणाल तर एकच उरलाय, 'हो'. चहा हवा का? हो. नको का? हो. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच माझ्या प्रत्येक म्हणण्याला होकार मिळतोय आणि त्याचा काडीचा उपयोग नाही.

बोलायला शिकवणारी एक मुलगी घरी येते. ती म्हणते, काकांना सगळं कळतं, फक्त शब्द वेळेला सापडत नाहीत. ती चित्रं दाखवते, कप, पक्षी, कात्री. कात्री बघून हे घामाघूम होतात, ओठ हलवतात आणि शेवटी 'हो' म्हणतात. मग मीच तोंड फिरवते.

त्यातच ते कानाचं सुरू झालं. हे डाव्या हाताने कानाची पाळी धरायचे आणि दाराकडे बोट दाखवायचे. दिवसातून कितीतरी वेळा. मला वाटलं, वाचा गेली, आता कानही चालले! तुमचं ऐकणं लहानपणी तापात गेलं, हे मला ठाऊक होतं, तरी मी म्हटलं, भावंडांचे कान सारखेच कच्चे असणार. गाडी करून ह्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. बंद खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं. शिट्टी ऐकू आली की हात वर करायचा. हे एकूण एक शिट्टीला हात वर करत होते आणि काचेतून माझ्याकडे असे बघत होते, जणू बाहेर आल्यावर मला ओरडणारच होते, फक्त ओरडता येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "बाई, ह्यांचे कान तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले आहेत."

आणि मग तुमचा तो व्हिडिओ कॉल आला. तुम्ही दिसलात, ह्यांनी कानाची पाळी धरली आणि तुम्ही लगेच स्वतःच्या छातीवर हात ठेवलात. कान म्हणजे तुम्ही! हे इतके दिवस 'धाकटीला बोलवा' म्हणत होते आणि मी ह्यांना शिट्ट्या ऐकवून आणल्या. तुम्ही ओठ वाचता, म्हणून तुमच्याशी बोलताना माझं कधी अडलं नाही. तुमच्या दोघांच्या त्या खुणांना मी पोरखेळ समजत आले.

पुढे तुम्ही दोघं जे सुटलात! ह्यांचा डावा हात थांबेना. मी मागे चहाचे कप घेऊन उभी, माझ्याच घरात पाहुण्यासारखी. मग ह्यांनी हनुवटीने मला दाखवलं, गुडघ्यावर मूठ दोनदा फिरवली आणि तुम्ही दोघं खो खो हसलात. झटक्यानंतर हे पहिल्यांदा हसले, वन्सं, आणि ते तुमच्याबरोबर, माझ्यावर. मी "नेटवर्क गेलं" म्हणाले आणि फोन बंद केला. नेटवर्क चांगलं ठणठणीत होतं.

त्यानंतर मी तुम्हाला काय काय कळवलं ते आठवा. दादा झोपलेत. डॉक्टरांनी मोबाइल बघू नका सांगितलंय. तुम्ही आत्ता येऊ नका, प्रवास झेपायचा नाही. ह्यातलं एकही खरं नाही. फोन मी काचांच्या मागे दडवून ठेवला होता. ह्यांनी कान धरला, की मी पाठ फिरवून फ्रेम पुसत बसायचे. त्या मुलीलासुद्धा विचारून पाहिलं, खुणा करत बसले तर बोलणं मागे पडेल ना? ती 'हो' म्हणेल अशी फार आशा होती. ती म्हणाली, "उलट काकू, खुणांनी वाट मोकळी होईल. ज्यांना त्या येतात त्यांना बोलवा की!" मी सांगितलं, त्या फार कामात असतात.

मला तुमचा हेवा वाटतो. हेवा कसला, जळफळाट होतो. ह्यांची औषधं, ह्यांची पथ्यं, ह्यांचा राग, सगळं मला तोंडपाठ. आणि एवढं सगळं पुसलं गेल्यावर शाबूत काय राहिलं, तर तुम्ही दोघांनी लहानपणी पायरीवर बसून बनवलेली भाषा. तिच्यात शेजारच्या कुत्र्यालाही खूण असेल. मी तर नंतर आलेली.

काल काच कापताना माझ्या बोटाला लागलं. फार नाही, पण रक्त बघून मी मटकन खाली बसले. आतून धाडधाड आवाज आला. हे डावा हात खुर्चीवर आपटत होते. मी वर पाहिलं तशी ह्यांनी गुडघ्यावर मूठ फिरवली. दोनदा, मग पुन्हा दोनदा. चेहऱ्यावर हसू अजिबात नव्हतं, नुसती घाबरगुंडी. मी "आले, आले" म्हणत उठले आणि ह्यांच्यापाशी पोचल्यावर माझ्या ध्यानात आलं, की ह्यांनी मला हाक मारली होती. माझ्या नावाने. आणि मी ओ दिली होती.

तेव्हा वन्सं, या. प्रवास तुम्हाला चांगला झेपतो. फोन काढून ह्यांच्या उशाशी ठेवलाय, पत्र पोचेपर्यंत तुमचं बोलणं झालेलंही असेल. माझं मन मोठं झालंय असं समजू नका. तुम्ही हसलात की मी पुन्हा जळणार आहे, आणि चहा गार झाला तर नवा करून मिळणार नाही. पण मला शिकवा. त्या मुठीचा अर्थ काहीही असो, वरवंटा असो नाहीतर कटकट, मी वाईट वाटून घेणार नाही. निदान तुमच्यासमोर नाही. आणि सगळ्यात आधी ह्यांच्या नावाची खूण दाखवा. तोंडाने मी जन्मभर 'अहो'च म्हटलंय. हाताने नाव घेईन.

तुमची, अजून जळणारी,
वहिनी