शेळ्यांच्या औषधाची पुडी

६ जानेवारी
पिंके, कालची वही कुठं ठिवलीस ते तुलाच आठवंना. तुझ्यापरीस शेळी बरी, गोठा तरी विसरत न्हाई. मला अक्षर येत न्हाई म्हणून तुझा हात. बोलते तसंच लिव, शाळंतलं मराठी घालू नको.
देवळीतली गांजाची पुडी रिकामी. शेळीचं पोट फुगलं की गुळातून चिमूटभर द्यायची, तुझ्या आजापासूनची रीत. औंदा एक बी शेळी फुगली न्हाई.

७ जानेवारी
तुझ्या भावाला इचारलं. करणनं मोबाईलमधून मान वर केली न्हाई. "उंदरानं खाल्ली असंल, आजे."
"मग डोळे तुझे कावून लाल, रं उंदरा?"
उठून गेला. दहावीचं वरीस. मायबाप दिवाळीपासून ऊसतोडीला. राहिले मी. मला दिसतं अर्धं.

११ जानेवारी
आशाताई आली. कागद काढून एकेक इचारलं. मायबाप घरी हायेत? न्हाई. शाळा बुडवतो? हो. दोस्त ओढतेत? तिघं, टाकीमागं. घरात कुणी ओढायचं? आजा, चिलीम. बाई, हा कागद आमच्या अंगणात बसून लिवला का काय!
"त्याला मिळतो कुठून?" तिथं मी च्या टाकायला उठले. दोन वरसं पुडी आणायला नदीपल्याड मीच धाडायची त्याला. पिंके, लिव हे. खोडू नको.

१३ जानेवारी
ल्योकाला फोन. म्हणला, "हिकडं धाड, कोयता देतो हातात." आशाताई म्हणते, तिथं बी ओढणारे हायेत, वर परीक्षा बुडंल. बीडच्या दवाखान्यात सोमवारी असल्या पोरांशी बोलणारा डॉक्टर बसतो.
ल्योकाला म्हणलं, पुडी माझ्यापायी घरात आली. त्यो नुसतं म्हणला, "बघ तू."

१६ जानेवारी
करणला वडवणीला धाडलं, तुझ्या आत्याकडं. दोस्तांपासून लांब. एसटीत चढताना म्हणला, "वाट तूच दावली की, आजे." खोटं कुठं हाय. पाया पडला न्हाई.

२० जानेवारी
आत्याचा फोन. काल दवाखान्यात नेलं, डॉक्टरपुढं तोंड उघडलं न्हाई. सांजच्याला घंटाभर कुठं गेलता, सांगत न्हाई. पुढच्या सोमवारी येतो का, तर नुसते खांदे उडवले. मला आता इथून काय दिसणार...
उद्या शेजारीण वडवणीला चालली. पिंके, धपाटे धाड, दही येगळं बांध. तिखट नको, तोंड आलंय म्हणे त्याचं. लोणी सढळ घाल.