माळावरचं गवत

आप्पा, आज पुण्यात भर वस्तीतल्या एका ऑफिसच्या आवारात लॉन घालून घेतलं. सवयीनं माती बोटांत चोळली, तुमच्यासारखी, आणि मग दिवसभर कामात लक्षच लागेना.

कारेगावचा माळ आठवतो? काय विचारते मी, तुमचा जन्म गेला तिथं मेंढरांमागं. मग एमआयडीसी आली, त्याच माळावर कंपनीचं काचेचं ऑफिस उभं राहिलं आणि बागकामाचा डिप्लोमा करून मी तिथं सुपरवायझर लागले. काय तोरा होता माझा! पण उद्घाटन दोन महिन्यांवर आलं आणि लॉन पिवळं पडलं. साहेब माझ्यावर डाफरताहेत, आणि नेमके तुम्ही माझी विसरलेली भाकरी घेऊन गेटातून आत येताय. चपला काढून गवतावर उकिडवे बसलात, मुळाशी बोटं घालून माती पाहिलीत. म्हणालात, "पोरी, मातीत जीवच न्हाई. दोन रात्री मेंढरं बसव हितं, मग बघ." साहेब हसले. मीही हसले, आणि वर म्हणाले, "आप्पा, हे काय तुमचं माळरान नाही." तुम्ही चपला पायात सरकवल्यात. "व्हय, त्ये बी खरंच," एवढंच बोललात.

आठवडाभरात मागच्या गेटाशी लेंडीखताची पोती येऊन पडली. जुनं, कुजवलेलं, चाळून घेतलेलं. माझ्या साहेबलोकांना वास येऊ नये म्हणून. तुम्ही सायकलवरून खेपा घातल्यात, असं वॉचमननं सांगितलं. मी ते गुपचूप पसरलं. महिन्यात गवत असं उठलं की साहेबांनी खताचं नाव विचारलं, आणि मी कुठल्याशा इंपोर्टेड पावडरीचं नाव ठोकून दिलं. अजून लाज वाटते.

तुम्ही कधी विषय काढला नाहीत. एकदाच, जेवताना, ताटातून वर न बघता विचारलंत, "कसं हाय गं तुझं गवात?"

"बरं आहे," मी म्हणाले. पुढल्या वर्षी तुम्ही गेलात.

आता माझ्या प्रत्येक लॉनखाली लेंडीखतच असतं. कुणी विचारलं तर सांगते, माझ्या वडिलांनी शिकवलं. तुम्हाला सोडून सगळ्यांना सांगून झालं. फार वाटतं, एकदा तुम्हाला त्या माळावर नेऊन बसवावं, चपला काढून, हवं तितका वेळ. हे पत्र वहीतच राहणार, ठाऊक आहे मला. पण आप्पा, गवत नुसतं बरं नव्हतं. हिरवंगार होतं.